ठिपका वर

फोन आला तेव्हा मी एका म्हाताऱ्या गृहस्थांचा पासपोर्टचा फोटो काढत होतो. "हसू नका, तोंड मिटा," असं त्यांना सांगत होतो आणि मोबाइल वाजला. पलीकडून सर बोलत होते. सर म्हणजे आमच्या शेजारच्या दाताच्या डॉक्टर सुमतीबाई, त्यांचे यजमान. कॉलेजात भूगोल शिकवायचे. "भाऊ, सुमती गेली... पहाटे, नांदेडला." बस्स, एवढंच म्हणाले. किडनीचं दुखणं होतं, वर्षभर डायलिसिस चालू होतं, तेव्हा बातमी अचानक होती असं काही म्हणता यायचं नाही. तरी मी त्या गृहस्थांना पुन्हा एकदा "हसू नका" म्हणालो, फोटो काढला, त्यांना संध्याकाळी यायला सांगितलं, आणि ते गेल्यावर बघतो तर कॅमेऱ्यात कार्डच नव्हतं. चाळीस वर्षं फोटो काढतोय मी. असं कधी झालं नव्हतं.

हिंगोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, परभणीतच होती, तेव्हाची गोष्ट. मोंढ्याच्या रस्त्यावर माझा स्टुडिओ, आणि त्याला लागून एक गाळा रिकामा होता. तिथं एके दिवशी पाटी लागली आणि पाटीमागोमाग ही किडकिडीत, चष्मेवाली बाई आली. मी म्हटलं, संपलं! हळदीच्या धुळीत ही काय टिकते? हंगामात आमच्या रस्त्याला पांढरा शर्ट दुपारपर्यंत पिवळा होतो. पण बाई टिकली. नुसती टिकली नाही, पहिल्याच आठवड्यात पेशंटांशी भांडायला लागली. आमच्याकडं लोक दाताच्या डॉक्टरकडं एकाच कामासाठी जायचे. खुर्चीत बसायचं, बोट दाखवायचं आणि म्हणायचं, उपटा. बाई म्हणायची, "उपटायला ते काय गवत हाय का? दात चांगला हाय तुमचा. हिरडी सडली, ती साफ करावी लागंल." लोकांना वाटायचं, हिला उपटायची ताकद नाही. गावात बाईचं नावच पडलं, दात न काढणारी डॉक्टरीण. मी ते मुद्दाम तिला सांगायचो आणि ती चिडली की मला बरं वाटायचं.

आमच्या भागातल्या बायाबापड्या मिसरी लावतात हे मी काय सांगायचं. सकाळी उठलं की मिसरी, दुपारी मिसरी, पोटात दुखलं तरी मिसरी. दातावर किटण चढतं आणि ते नुसतं वर दिसतं तेवढंच नसतं, हिरडीच्या खाली, दाताच्या मुळावर धरतं. तिथून पू, तिथून वास, तिथून हाड झिजतं आणि एक दिवस धडधाकट दात हलायला लागतो. बाईचं काम हे की बारीक हत्यार हिरडीच्या आत घालून मुळावरचं किटण खरवडून काढायचं. एका बैठकीला तोंडाची एकच बाजू. दिसत काही नाही, सगळं हाताला कळेल तेवढंच. एकदा वैतागून म्हणाली, "भाऊ, डोळ्याला पट्टी बांधून आडातला गाळ काढल्यावानी हाय हे. किती निघाला कळतं, किती ऱ्हायला ते कळत न्हाई." म्हणून तिनं औरंगाबादहून एक जुनं एक्स-रे मशीन आणलं. आणलं खरं, पण फिल्म धुणार कुठं? मग बाई माझ्या दारात. "तुमची अंधारखोली हाय ना?" मी म्हटलं, हाय. झालं. त्या दिवसापासून माझ्या अंधारखोलीत नवरा-नवरीच्या शेजारी लोकांचे जबडे वाळत घातले जाऊ लागले.

टपालाच्या तिकिटापेक्षा थोडी मोठी फिल्म असते ती. धुवून वर धरली की दात पांढरे, हाड करडं, आणि जिथं हाड खाऊन गेलंय तिथं काळी खोबण. मुळाला चिकटलेलं किटण काट्यासारखं बाजूला आलेलं दिसायचं. सफाईच्या आधी एक फिल्म, सफाईनंतर एक, सहा महिन्यांनी परत एक. काटा तसाच दिसला तर बाई पेशंटला त्याच पावली पुन्हा खुर्चीत बसवायची. सहा महिन्यांच्या फिल्मवर खोबण थांबलेली दिसली की बाई स्टुडिओत येऊन एकदम लहान पोरीसारखी ओरडायची, "थांबलं भाऊ! हाड थांबलं!" मला त्या हाडातलं तेव्हा डोंबल कळत होतं, पण मीही खूश व्हायचो. मी मोठ्या ऐटीत म्हणायचो, "फोटो खोटं बोलत न्हाई, बाई." हे माझं पालुपद. नंतर ते तिच्याही तोंडी बसलं. त्या फिल्मांनी माझं एक नुकसान मात्र केलं. लग्नात "हसा" म्हटलं आणि माणसं हसली की मला ओठ दिसेनासे झाले, खालचं करडं हाड दिसायला लागलं. अजून दिसतं. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

आता जे सांगायचंय त्यासाठी एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. ती छोटी फिल्म पारदर्शक. एका बाजूनं बघितली तर उजवा जबडा, उलटी करून बघितली तर तोच डावा दिसतो. म्हणून कंपनी तिच्या कोपऱ्यात एक बारीक उठलेला ठिपका देते, खसखशीच्या दाण्याएवढा. ठिपका आपल्याकडं, वर, असेल तर फिल्म सुलट. बाईकडून दोन्ही बाजूंच्या फिल्मची पाकिटं एकदम यायची, त्यावर काही लिहिलेलं नसायचं. मी धुवायचो, ठिपका बघायचो आणि जाड कार्डाला खिडक्या कापून त्यात बसवून द्यायचो, एका खिडकीखाली उजवी, दुसरीखाली डावी असं लिहून. बाईनं पहिल्या दिवशी दहा वेळा बजावलं होतं, "ठिपका वर. बाकी काही विसरलात तरी चालंल, ठिपका वर." आणि आम्हा जुन्या फोटोवाल्यांची सवय काय? आमच्या फिल्मला एका बाजूनं फोटो उमटवणारा मसाला असतो, दुसरी बाजू कोरी. अंधारात ओठाला लावून बघायची, चिकटली ती मसाल्याची बाजू. हात आपोआप तेच करतो. पण या एक्स-रेच्या फिल्मला दोन्ही बाजूंनी मसाला असतो. ओठाला दोन्ही बाजू सारख्याच.

रुखमाबाई आली ती ऐन लग्नसराईत. सेनगावकडच्या एका वस्तीवरची, मेंढरं राखणारी, चाळिशीची असेल. हातात काठी, तोंडाला पदर. खुर्चीत बसायलाच तयार नव्हती. मी तेव्हा काहीतरी द्यायला दवाखान्यात गेलो होतो, दारातच थांबलो. बाई विचारत होती, कुठं दुखतं? तर ही म्हणाली, "समदीकडंच दुखतं बाई, पर मेंढरं वळवताना लई ठणकतं." आणि तिनं गालातल्या गालात जीभ दाढेवर मारून एक आवाज काढला, ट्टक्... ट्टक्. मेंढरं वळवायचा आवाज. उजव्या गालातून काढला होता. मी बघितलं होतं... हे मला पक्कं आठवतं, कारण आवाज काढताना तिचा उजवा डोळा मिटला होता. बाईनं दोन्ही बाजूंना हत्यार लावून बघितलं, दोन्हीकडून सारखंच रक्त. म्हणाली, फोटो काढू, जिथं हाड जास्त खाल्लंय ती बाजू आज साफ करते, दुसरी पंधरा दिवसांनी.

माझ्याकडं त्या दिवशी तीन लग्नांचे रोल पडले होते आणि नवरीचा मामा बाहेर बाकावर बसून "झालं का, झालं का" करत होता. मी त्या दोन फिल्म धुतल्या, ओठाला लावल्या, खिडकीत बसवल्या आणि कार्ड पाठवून दिलं. ठिपका बघितला नाही. एवढंच. एवढंच केलं मी.

तीन दिवसांनी दुसऱ्या कुणाचं तरी कार्ड करताना बोटाला ठिपका लागला आणि मला रुखमाबाईचं कार्ड आठवलं. बाई जेवायला गेलेली होती. दवाखान्यात जाऊन तिच्या टेबलावरचं रुखमाबाईचं कार्ड उचललं, अंगठा फिरवला. वर गुळगुळीत. मागून फिरवला... ठिपका मागं होता. दोन्हींचा. म्हणजे ती मोठी काळी खोबण उजवीकडं होती आणि माझ्या कार्डावर ती डावीकडं आली होती. बाईनं डावी बाजू साफ केली होती. मी कार्ड जागेवर ठेवलं. बाई आली. सांगायचंच म्हणून मी उभा राहिलो आणि तोंडातून निघालं, "चहा घेता का, बाई?" ती म्हणाली, घेते. म्हटलं पंधरा दिवसांनी रुखमाबाई येईलच की, तेव्हा उजवी बाजू आपसूक साफ होईल, कशाला उगाच बोभाटा. कपाळ माझं. पंधरा दिवस झाले, महिना झाला, ती आलीच नाही.

पुढच्या लग्नसराईत सेनगावकडची एक ऑर्डर आली. वस्तीवर जीपनं गेलो, मांडवात शिरलो, "नवरीच्या आईला बोलवा" म्हणालो आणि पुढं कोण उभं? रुखमाबाई. उजवा गाल आत गेलेला, पदर नाकापर्यंत. मला बघून म्हणाली, "तुमी बाईच्या शेजारचे फोटोवाले न्हवं? मला नगा घेऊ फोटोत." मी विचारलं, काहून? तेव्हा तिनं सांगितलं. घरी आल्यावर आठ दिवसांत गाल टम्म सुजला. परत हिंगोलीला जायला नवरा न्हाई म्हणाला, एकदा जाऊन काय फरक पडला म्हणाला. भावानं बाजारात नेलं, तिथं फडकं अंथरून दात काढणारा बसतो. त्यानं चार दाढा काढल्या. "म्या बाईला म्हनलं व्हतं," रुखमाबाई म्हणाली, "बाई, ह्या अंगानं ठणकून राहिलंय. बाई म्हनल्या, फोटोत त्या अंगाला दिसून राहिलंय, अन् फोटो खोटं बोलत न्हाई." मग पदराआडून तिनं आवाज काढून दाखवला. आवाज कसला, नुसती हवा. "आता मेंढरं ऐकत न्हाईत बगा माझं. काठीनं वळवावी लागत्यात." असं म्हणून हसली. मी नवरीसोबत तिचा एक फोटो काढलाच, पदर तोंडावर तसाच. का काढला कोण जाणे. हात रिकामा ठेवायचा नव्हता म्हणून असेल.

परत आलो आणि बाईला काही बोललो नाही. बोललो असतो तर काय झालं असतं? रागावली असती, चार दिवस अबोला धरला असता, फार तर फिल्म धुवायला दुसरीकडं दिल्या असत्या. याच्यापुढं काही नाही. पण तेवढ्याचीच मला भीती वाटली, आणि खरं सांगतो, बाईच्या नजरेतून उतरायची जास्त वाटली. सेनगावकडची लग्नं घेणं मी सोडून दिलं. लोकांना सांगायचो, रस्ता खराब आहे.

त्यानंतर दोनेक महिने गेले असतील. बाई कार्ड न्यायला आली आणि सहज विचारल्यासारखं म्हणाली, "भाऊ, ती रुखमाबाई... मेंढरंवाली. दिसली का हो कुठं?" मी धुण्याच्या ट्रेमध्ये बघत म्हणालो, "न्हाई, बाई." ती म्हणाली, "बरं." आणि हातातल्या कार्डावर अंगठा फिरवला, अगदी हळू, देवाच्या पायाला लावावा तसा. तेव्हापासून ती सवयच झाली तिची. कोणतंही कार्ड दिलं की आधी अंगठा फिरवायची, मग फिल्म बघायच्या दिव्याच्या पेटीवर ठेवायची. मला वाटायचं, काहीतरी भक्तिभाव असेल बाईचा. आणि वर्षातून एकदा तरी, कधी दिवाळीच्या आसपास, कधी असंच, विचारायची, "रुखमाबाई दिसली का हो भाऊ?" मी न्हाई म्हणायचो. ती बरं म्हणायची. दहा-अकरा वर्षं हे चाललं. मधल्या काळात जिल्हा झाला, स्टेशनात ब्रॉडगेज आली, माझे केस गेले, पण ते दोन शब्द काही बदलले नाहीत.

बाईचं काम मात्र कुठल्या कुठं गेलं. तिनं पेनासारखा बारीक कॅमेरा आणला, तोंडात घातला की टीव्हीवर दाढ भोपळ्याएवढी दिसायची. त्याची वायर टीव्हीला मीच जोडून दिली. पहिल्या दिवशी आम्ही टीव्ही असा ठेवला की बाहेर बसलेल्या सगळ्यांना दिसेल. आत खुर्चीत डोंगरकडा गावच्या एक आजी. स्वतःचं तोंड बाजारात मांडलेलं बघून त्या ज्या उठल्या, त्या चप्पल सोडून गेल्या. बाई मला म्हणाली, "अक्कल कुठं ठेवली व्हती तुमी?" मी म्हटलं, तुमच्या शेजारीच. मग टीव्ही फिरवला. पण ज्या बाया बघायच्या, त्या मिसरी सोडायच्या. हिरडीच्या कडेला राहिलेला काळा कण बाई टीव्हीवर बघून काढायची आणि म्हणायची, आता डोळ्याची पट्टी अर्धी सुटली. शेवटी शेवटी कॉम्प्युटरवर थेट एक्स-रे उमटणारं यंत्र आलं. फिल्म नको, धुणं नको. ते दाखवायला तिनं मला मुद्दाम बोलावलं. "सुटलात भाऊ तुमी," म्हणाली. आणि थोडं थांबून, कॉम्प्युटरकडंच बघत म्हणाली, "ह्यात उजवं डावं होत न्हाई." मी हसलो.

दहाव्याला सरांकडं गेलो. ओटीवर चटईच्या कडेला एक म्हातारी बसली होती, काठी मांडीवर आडवी. बाईच्या पेशंट बऱ्याच आलेल्या, त्यातलीच एक असेल म्हणून मी बसलो. ती म्हणाली, "फोटोवाले ना?" आणि पदर खाली घेतला. रुखमाबाई. उजवा गाल खोल, पण बाकीचे दात जागच्या जागी, घट्ट, मिसरीचा डाग नाही. सर आत चहाचं बघायला गेले आणि ती सांगत राहिली, मी न विचारता. बाई आल्या होत्या म्हणे वस्तीवर. कधी? "पोरीच्या लग्नाच्या म्होरल्याच म्हयन्यात. हुडकत हुडकत आल्या जीपनं. माझं तोंड बघून रडल्या. म्हनल्या, रुखमाबाई, माझी चूक झाली, म्या फोटो उलटा बघितला." मग दर रविवारी आल्या, चार-पाच रविवार. लिंबाखाली बाजेवर बसवून, आरशानं ऊन तोंडात पाडून राहिलेले दात साफ केले. पुढंही वर्षातून एक-दोनदा येतच राहिल्या, आजारी पडेपर्यंत... त्या रविवारांचं मला आठवतं. मी विचारायचो, कुठं जाता बाई? ती म्हणायची, जरा बाहेर.

"लग्नातला फोटो भिताडावर लावला हाय आमच्या," रुखमाबाई म्हणाली. "तुमी काढलेला. बाईनं पहिल्याच दिशी उतरवून बघितला, मागचा शिक्का वाचला. म्हनल्या, भाऊ आलते व्हय लग्नाला? म्या म्हनलं, आलते की, लई चांगलं बोलले, इचारपूस केली."

मागचा शिक्का. प्रत्येक फोटोच्या पाठीवर मीच मारतो, स्टुडिओचा.

म्हणजे बाईनं मला पहिल्यांदा विचारलं, तेव्हाच तिला माहीत होतं. दरवर्षी विचारलं, दरवर्षी माहीत होतं. पेशंटला मिसरीवरून फाडून खाणारी ती बाई, माझी चूक स्वतःच्या नावावर करून आली, माझ्या खोटेपणाला बरं म्हणत राहिली आणि वर्षानुवर्षं माझ्याचकडं फिल्म देत राहिली. फक्त अंगठा फिरवून घ्यायची, ठिपका वर आहे ना म्हणून. ते सगळं रागानं होतं की मायेनं, मी रोज स्वतःशी वाद घालतो. कधी वाटतं, मला शिक्षा देत होती. कधी वाटतं, नुसती दार उघडं ठेवून उभी होती, मी आत येतो का बघत. आणि त्या ओटीवर, रुखमाबाई समोर असताना, "चूक बाईची न्हवती" हे एवढं वाक्य मला बोलायचं होतं. सर चहा घेऊन आले. मी चहा घेतला.

पंधरवड्यापूर्वी सरांनी दवाखाना आवरायला काढला आणि ती दिव्याची पेटी मला घेऊन जा म्हणाले, दुसऱ्या कुणाला तिचा उपयोग नाही. पेटीच्या तळाशी एक कार्ड चिकटवून ठेवलेलं होतं. खिडक्या माझ्या हाताच्या, पण फिल्म काढून सुलट करून परत बसवलेल्या. उजवीकडं ती काळी खोबण. खाली बाईच्या बारीक अक्षरात रुखमाबाईचं नाव, वस्तीचं नाव, आणि त्याखाली फक्त दोन शब्द, ठिपका वर. कुणाला लिहिले होते ते? तिला स्वतःला लिहायची गरज नव्हती.

पेटी आता माझ्या अंधारखोलीत आहे. तिथं अंधार करायची वेळ आता येत नाही, सगळं डिजिटल झालंय, तरी मी दार लावून बसतो. पेटी लावतो, कार्ड ठेवतो, त्याच्याआधी अंगठा फिरवतो. दोनदा सेनगावच्या जीपपर्यंत जाऊन परत आलो आहे, तेही लिहून टाकतो. एकदा तर जागाही मिळाली होती. शेजारच्या गाळ्यात आता मोबाइलचं दुकान येणार आहे, तिथं दिवसभर भिंत ठोकतात. ते मधेच थांबतात ना, तेव्हा मला हटकून तिचा आवाज येतो, कार्ड न्यायला आल्यासारखा... "रुखमाबाई दिसली का हो भाऊ?"

दिसली, बाई. लग्नातच दिसली होती. फिल्म मीच उलटी लावली होती.

हे तुम्हाला सांगितलं, पण रुखमाबाई काही वाचत नाही. या रविवारी जायचं आहे. कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलंय, ठिपका वर करून.